लाल कोपरा मी, निळा कोपरा जिना

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी, चहानंतर.

आजपासून रोजनिशी. समोरच्या बॉक्सिंग क्लबातला कोच म्हणतो, खेळाडूने रोजचं लिहून ठेवावं. काय खाल्लं, किती पळालो, कुठे चुकलो. माझी नात तिथे बॉक्सिंग शिकते. तिला आम्ही मुंगी म्हणतो. ती काही लिहीत नाही. घरातून कुणीतरी लिहायलाच हवं. म्हणून मी.

मला अक्षर येत नाही. जन्मभर लाँड्रीत इस्त्री केली, पण कपडे डागांवरून ओळखायचे, चिठ्ठी वाचायची वेळच आली नाही. तेव्हा मी सांगणार, सूनबाई लिहिणार. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, रोज डॉक्टरांचं अक्षर लावते, तिला माझं बोलणं काय जड! ही रोजनिशी अत्यंत खाजगी आहे. इतकी, की मलाही वाचता येणार नाही. सूनबाईला नियम घालून दिलाय: लिहिणारा हात वेगळा, ऐकणारा कान वेगळा. हाताने लिहिलं ते कानाने ऐकलेलं नाही. ती बरं म्हणाली.

आता मुद्दा. काल चिरंजीव म्हणाला, आई, वरची खोली सोड, खाली राहायला ये, परवा पुन्हा जिन्यात पडलीस. मी पडले नाही. उभी होते, ती बसले. जरा लवकर बसले, एवढंच. चिरंजीव लिफ्ट दुरुस्त करतो. जगाला वर चढवतो आणि स्वतःच्या आईला खाली उतरवायला निघालाय.

खोली सोडणार नाही. कारण एकच. माझी खिडकी आणि क्लबची खिडकी समोरासमोर, मधे अरुंद रस्ता. ते पहिल्या मजल्यावर, मीही पहिल्या मजल्यावर. संध्याकाळी मुंगी रिंगमध्ये उतरली की तिच्या बुटांच्या नाड्यासुद्धा दिसतात. आवाज येत नाही, त्यांच्या काचा जाड आहेत. पण आवाज हवाय कशाला? आमच्या ह्यांच्याशी अर्धा संसार न बोलता झाला, सगळं कळायचं. असं बघून बघूनच मी बॉक्सिंगमधली जाणकार झाले. खालच्या खोलीच्या खिडकीतून काय दिसतं? लोकांचे पाय.

संकल्प: जेवायला तिन्ही वेळा खाली उतरायचं. कठडा धरून. न कण्हता.

५ फेब्रुवारी, गुरुवार.

काल सगळ्यांनी मिळून टीव्हीवर मोठी लढत पाहिली. सूनबाईला मार्कांचं कळत नव्हतं, म्हणून इथे नीट सांगते. राउंड जिंकला त्याला दहा. हरला त्याला नऊ. पण हरणारा ठोसा खाऊन खाली पडला असेल तर त्याला आठच. म्हणजे पडण्याचा एक मार्क जादा कापतात.

मला हे साफ नामंजूर. पडण्यात माणसाचा काय दोष? जमीन खाली आहे, पडणारा तिथेच जाणार. कापायचाच तर न उठण्याचा कापा. आणि जो उठला त्याला उलट एक द्या. लेकरू चालायला शिकताना धपकन बसतं तेव्हा आपण टाळ्या पिटतो. तिथे कुणी आठ मार्क देतं का? मग सत्तरी ओलांडल्यावरच का द्यायचे?

सूनबाईने पेन थांबवून विचारलं, आई, हे बॉक्सिंगबद्दल आहे की तुमच्याबद्दल? म्हटलं, बॉक्सिंगबद्दल. लिही.

शिवाय घसरणं वेगळं आणि पडणं वेगळं. रिंगमध्ये पाणी सांडलेलं असलं, पाय सटकला, तर रेफरी हात हलवून नाही-नाही करतो. ते धरत नाहीत. ठोसा लागून गेलात तरच पडलात. मला आजवर कुणी ठोसा मारलेला नाही. म्हणजे मी आजवर एकदाही पडलेली नाही. हे चिरंजीवाला सविस्तर समजावून सांगितलं. तो म्हणाला, आई, जेव.

८ फेब्रुवारी, रविवार. दुपारी.

तह झाला. तीन आठवड्यांची लढत, म्हणजे तीन राउंड. लाल कोपरा मी, निळा कोपरा जिना. मी जिंकले तर खोली माझी आणि पुन्हा विषय काढायचा नाही. जिना जिंकला तर मी खाली. निकाल १ मार्चला.

पंच तीन. चिरंजीव, सूनबाई, आणि एक बाहेरचा हवा म्हणून मी कोचचं नाव पुढे केलं. ज्याचं नाक इतकं वाकडं आहे त्याने पुष्कळ जमीन जवळून पाहिलेली असणार. तो पडणाऱ्याच्याच बाजूचा. मुंगी माझ्या कोपऱ्यात, पाणी आणि धीर द्यायला.

चिरंजीव हट्टाला पेटला: मार्क टीव्हीच्या नियमाने. पडलीस की आठ. मी घसा कोरडा होईपर्यंत भांडले. शेवटी घसरणं धरायचं नाही, एवढं पदरात पाडून घेतलं. घसरलं की पडलं हे कोण ठरवणार, ते बोलण्यात राहून गेलं. मीच ठरवणार, दुसरं कोण असतं तिथे?

कोचला चहाला बोलावून सगळं समजावलं. बिचारा मितभाषी आहे. पडण्याच्या मार्कांबद्दल दोनदा काहीतरी सांगायला गेला, पण माझं चाललं होतं.

११ फेब्रुवारी, बुधवार.

पहिला राउंड माझाच. तिन्ही वेळा खाली, तिन्ही वेळा वर. गुडघे कुरकुर करतात, पण गुडघ्यांना पंच नेमलेलं नाही.

काल बाथरूममध्ये पायपुसणं सरकलं. पायपुसणं सरकलं, मी नाही. मी होते तिथेच होते, फक्त खाली. रेफरी दहा मोजतो, मी सहा मोजेपर्यंत उठले. मी सावकाश मोजते. तर ही घसरण, धरायची नाही. चिरंजीवाला पत्ता नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. सूनबाईने एवढंच विचारलं, कुठल्या बाजूला लागलं? म्हटलं, कान बंद ठेव. डाव्या.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार.

घरात हल्ली योगायोग फार होतात. ते पायपुसणं नाहीसं झालं. चिरंजीव कुठल्याशा जुन्या लिफ्टमधली दांडी उरली म्हणून घेऊन आला आणि नेमकी बाथरूमच्या भिंतीला, माझ्या हाताच्या उंचीवर ठोकून बसला. उशाशी मलमाची ट्यूब आली. तीही डाव्या बाजूला.

दांडीचा उपयोग टॉवेल वाळत घालायला होतो. मी आधाराला म्हणून ती धरत नाही. टॉवेल वाळला का ते बघायला धरते. दिवसातून बऱ्याचदा बघावं लागतं.

१४ फेब्रुवारी, शनिवार.

आज महत्त्वाचं. मुंगी जन्मली तेव्हा खरंच मुंगीएवढी होती, आता ती आली की दार आधी बाजूला होतं. येत्या शनिवारी समोरच क्लबात तिची लढत आहे. जिंकली तर संघात निवड. विरोधात दुसऱ्या क्लबची पोरगी, तिला आम्ही खांब म्हणतो. हात इतके लांब की आपल्या कोपऱ्यात बसून मुंगीचे केस विंचरील.

मी मार्कांच्या जागी बटणं मांडून डाव आखला. पहिले दोन राउंड खांबाला देऊन टाकायचे. दहा-नऊ, दहा-नऊ. दम राखायचा. तिसऱ्यात खांब आडवा करायचा. मुंगीला दहा, खांबाला आठ. दोघींची बेरीज अठ्ठावीस. बरोबरी झाली की पंच बघणार, शेवटी ताठ कोण उभं आहे. मुंगी.

मुंगी म्हणाली, आजी, पडण्याचा मार्क कापणं तुला नामंजूर होतं ना? म्हटलं, आपण पडलो तर नामंजूर. दुसरी पडली की नियम तो नियम. ती म्हणाली, आपला तो बाब्या, होय गं? म्हटलं, हो, आणि खांब ते कार्टं. मग म्हणाली, कोच सांगतात पहिल्या घंटेपासून भिड. म्हटलं, पहिल्या घंटेपासून भिडल्यावर नाक कसं होतं ते बघ त्याचं. हसली. म्हणजे पटलं.

जाताना म्हणाली, पहिल्या रांगेत तुझ्यासाठी खुर्ची ठेवते, येशील ना? म्हटलं, हे काय विचारणं झालं! समोरच्या इमारतीला लिफ्ट आहे, चिरंजीवाच्याच हातची. प्रश्न आहे तो आपल्या जिन्याचा.

१७ फेब्रुवारी, मंगळवार.

दुसऱ्या राउंडला नवे डावपेच. जो जिना उतरत नाही तो जिन्यात पडत नाही. इतकी सोपी गोष्ट आधी कशी सुचली नाही? रविवारपासून खाली गेलेलीच नाही. भूक नाही असं कळवलंय. मुंगी ताट वर आणून ठेवते. भूक नसताना मी बरंच जेवते असं दिसतं.

पावासाठी खिडकीतून दोरीला पिशवी सोडते. पाववाल्याने काल खालून ओरडून विचारलं, आजी, आजारी का? म्हटलं, आजारी नाही, डावपेच आहेत. त्याने एक पाव जादा टाकला.

सूनबाई म्हणाली, आई, म्हणजे तुम्ही लढतच नाही आहात. म्हटलं, बचाव हीसुद्धा कला आहे. तिने ते लिहिलं, पण तोंड कडू करून लिहिलं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी.

मुंगीचा सराव चालला होता. ती रिंगच्या पलीकडच्या कोपऱ्यात गेली, दिसेना. म्हणून स्टुलावर चढले. स्टुलाला चार पाय आहेत, पण चौथा मनाने दुबळा. पुढचं काय सांगायचं! आठ मोजून झाले, मग नऊ. नवाला उभी राहिले, खिडकीची चौकट धरून.

बघते तो समोर सगळा क्लब खिडकीला. पोरी, कोच, झाडू हातात घेतलेली सफाईवाली. सराव थांबलेला. मी उभी राहिलेली दिसताच पोरींनी ग्लोव्ह घातलेल्या हातांनी टाळ्या वाजवल्या. मला ते दिसतात, हे ठीक. मी त्यांना दिसते, हे इतक्या वर्षांत मला कुणी बोललं नव्हतं. म्हणजे परवा मी खिडकीशी उभी राहून खांबाला उजव्या हाताने कसं पाडायचं त्याची तालीम केली, तीही. आणि पेटीकोटवर केली, तेही.

मुंगी तशीच धावत आली. हातात ग्लोव्ह, कडी वाजवता येईना, म्हणून दारावर ठोसे. मी आतून विचारलं, कोण आहे? ती म्हणाली, आजी, नाटकं नकोत. दार उघडून म्हटलं, घसरले. स्टुलावरून? स्टूल घसरलं. तिने मला हातापायांना चाचपून पाहिलं आणि स्टूल उचलून घेऊन गेली.

कोच अजून खिडकीत, हाताची घडी घालून. मी हात हलवला. त्यानेही हलवला. तिसरा पंच आपल्या खिशात. नवाला उठणारी बाई त्याने कुठे पाहिली असणार?

२१ फेब्रुवारी, शनिवार. लढतीनंतर.

सूनबाई समोरून आत्ताच आली. चप्पलही काढू दिली नाही, आधी लिही म्हटलं.

मी समोर गेले नाही. जाणार होते. चांगली साडी नेसले, केस विंचरले, जिन्याच्या टोकाशी आले. जिन्याने माझ्याकडे पाहिलं, मी जिन्याकडे. मग विचार केला, पहिल्या रांगेत मान वर करून बघावं लागतं, मानेला त्रास. खिडकीतून सरळ दिसतं. म्हणून केवळ मानेसाठी परत फिरले.

खिडकीत सगळ्या पाठीच पाठी. मधोमध एकाचं टक्कल. टकलाच्या डावीकडून दोन राउंड पाहिले. खांबाचे लांब हात येत होते आणि मुंगीच्या तोंडाला लागून परत जात होते. मुंगीची मान मागे, पुन्हा मागे. अगदी ठरल्याप्रमाणे. पोरगी माझा शब्दन् शब्द पाळत होती. तिसऱ्यात मुंगी आत घुसली आणि खांब आडवा! रेफरीने मोजायला सुरुवात केली, मीही मोजलं. खांब उठला, पण पडला तो पडला. मी खोलीत एकटी नाचले. बसून नाचले.

मग रेफरीने दोघींना मधे उभं केलं आणि हात वर केला तो खांबाचा.

मी खिडकी उघडून ओरडले, अहो, तिला आठ! तिला आठ! खालून पाववाला म्हणाला, आजी, आठ पाव आता कुठले, संपले. रस्त्यावरची माणसं वर बघायला लागली. मी खिडकी लावून घेतली.

गर्दी पांगल्यावर पहिली रांग दिसली. एक खुर्ची रिकामी होती, पाठीवर मुंगीचं जाकीट. कुणीतरी यायचं राहिलं असेल.

२२ फेब्रुवारी, रविवार.

मी निरोप पाठवला म्हणून कोच वर आला. जाब विचारला. तेव्हा कुठे कळलं. टीव्हीवर दाखवतात ते पैसे घेऊन लढणारे, त्यांचा नियम तसा. ह्यांच्या क्लबांच्या लढतीत पडण्याचं वेगळं काही कापत नाहीत. चांगला लागलेला ठोसा तो एक चांगला ठोसा. समोरची त्याने नुसती हलली काय आणि भुईसपाट झाली काय, बाकीच्या ठोशांसारखाच धरायचा. तिसरा राउंड मुंगीचा, पण दहा-नऊच. बेरीज अठ्ठावीस-एकोणतीस. खांब जिंकला.

मी म्हटलं, अख्खं माणूस पाडलं, त्याची काही किंमतच नाही? कोच म्हणाला, आहे आजी. पण राउंड काही एका ठोशाचा नसतो. बाकीचा वेळ काय केलंत तेही बघतात. मी म्हटलं, मग आधी सांगायचं! तो म्हणाला, चहाला आलो होतो तेव्हा दोनदा सांगत होतो.

मुंगी ताट ठेवायला वर आली तेव्हा तिला म्हटलं, माझा डाव चुकला, तू मनाला लावून घेऊ नकोस. तिचा डोळा सुजून बटाटा झाला होता, त्यावर बर्फाची पिशवी. पिशवी न काढताच म्हणाली, आजी, मी तुझा डाव खेळत नव्हते. मी मार खात होते.

संघात दुसरी जाणार. तेवढं सोडलं तर मुंगी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून आहे. खालच्या खोलीत. मला कुणी बोललं नाही, पण ती रडते तेव्हा वरपर्यंत ऐकू येतं.

तिसऱ्या प्रहरी डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पडण्याचं काही कापत नसतील तर मग माझं काय कापणार?

२५ फेब्रुवारी, बुधवार.

तीन दिवस मोहीम चालवली. जिन्याच्या टोकाशी उभं राहून खाली चिरंजीवाला ओरडून सांगायचं: क्लबचा नियम! क्लबचा नियम! तो कामावरून आला की पहिलं हेच, हात धुवायच्या आत. आज हात जोडून म्हणाला, आई, बरं. क्लबचा नियम. पडल्याचा एक मार्क कापणार नाही. मी त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

आता फुकटच आहे म्हटल्यावर सगळं मोकळेपणाने सांगून टाकते. जिन्यात पडले. पायपुसण्यावरून पडले. स्टुलावरून पडले. आणि सोमवारी कपाटाजवळ पडले, ते कुणालाच ठाऊक नाही. सूनबाई दचकून म्हणाली, कपाटाचं मला नव्हतं माहीत. म्हटलं, कान!

विजय खिशात. सुताराला बोलावून खिडकीशी बसायला उंच खुर्ची करायला सांगितली. टकलावरून दिसेल एवढी उंच. पडलो तरी नाक वर म्हणतात ते मलाच उद्देशून असावं.

जेवण अजून वरच मागवते. शेवटच्या राउंडला उगाच धोका कोण पत्करणार?

१ मार्च, रविवार.

निकाल ऐकायला खाली ये म्हणाले. मी म्हटलं, पंचांनी वर यावं. वर आले, आपापल्या खुर्च्या घेऊन. कोचने चिरंजीवाकडे पाहिलं, चिरंजीवाने सूनबाईकडे. आत्ता सांगताना वाटतं, तिथेच काहीतरी झालं.

कोच बोलला. मी त्याला एवढं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. पहिला राउंड आजींचा, दहा-नऊ. पायपुसण्यावरून पडल्या, तरी दुसऱ्या दिवशी तिन्ही वेळा खाली आल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशीही आल्या. दुसरा राउंड जिन्याचा. तिसरा जिन्याचा. अठ्ठावीस-एकोणतीस. तिन्ही पंचांचे सारखे.

मी म्हटलं, हे बेकायदा आहे, पडल्याचं धरायचं नाही ठरलं होतं! कोच म्हणाला, धरलंच नाही. ज्या राउंडला तुम्ही जिन्याशी भिडलात आणि पडलात तो तुम्हालाच दिलाय. दुसऱ्या-तिसऱ्याला जिना रोज उभा होता, आजी. तुम्ही कोपऱ्यातून उठलाच नाहीत.

चिरंजीवाकडे पाहिलं. जिंकलेला माणूस असा दिसत नाही. तो नखाने खुर्चीचा रंग खरवडत होता. म्हणाला, आई, तू खाली जेवायला येत होतीस तेव्हा रोज वाटायचं, आपण हरावं.

मग सूनबाई. ती म्हणाली, तुम्ही पडल्याचं लपवलंत त्याचं मी काही कापलं नाही. त्या शनिवारी साडी नेसून टोकाशी आलात आणि परत फिरलात, त्याचं कापलं. मी म्हटलं, हे तुला कुणी सांगितलं? ती हातातल्या पेनाकडे बघत राहिली.

मुंगीला म्हटलं, तू माझ्या कोपऱ्यातली ना, मग बोल की काहीतरी. ती म्हणाली, आजी, ती खुर्ची तुझी होती. म्हटलं, दिसली मला.

ते गेल्यावर टीव्हीच्या नियमाने बटणं मांडून पाहिली. त्यानेही हरते. वर आणखी कापून.

४ मार्च, बुधवार.

लिही: आज मी स्वतःच्या मर्जीने खाली राहायला आले.

लिहिलंस? वाचून दाखव. तिने वाचलं. मी सांगितलं तस्संच होतं, पण तिच्या तोंडून ऐकल्यावर मलाच पटेना. म्हटलं, खोड ते. मग काय लिहू, म्हणाली. म्हटलं, हरले म्हणून आले.

पलंग मुंगीने आणि चिरंजीवाने उतरवला. मला उतरवायची गरज पडली नाही, मी आपली मी उतरले. बसत बसत. सूनबाई पुढे, मुंगी मागे, मधे मी, वरात निघाल्यासारखी.

संध्याकाळी सुतार उंच खुर्ची घेऊन हजर. आता त्या खुर्चीवर बसून मी लोकांचे पाय उंचावरून बघते.

७ मार्च, शनिवार.

आज समोर गेले. खालच्या खोलीतून निघालं की रस्ता, रस्ता ओलांडला की लिफ्ट. मुंगीची सराव-लढत होती, तिने पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. मी तयारीनिशी गेले होते. पडण्याला अर्धा मार्क तरी असावा, हे कोचच्या गळी उतरवायचं होतं.

घंटा झाली. आणि मग पहिला ठोसा मुंगीच्या तोंडावर बसला तो वाजला. लाँड्रीत भिजलेली चादर फरशीवर आपटली की वाजायची तसा. वरून इतकी वर्षं पाहिलं, ठोसे वाजतात हे ठाऊकच नव्हतं. तिचा श्वास वाजतो. बूट वाजतात. मार लागला की ती हूं करते, अगदी बारीक, लहानपणी काटा काढताना करायची तशी.

मी डोळे मिटले. मिटले ते घंटेलाच उघडले.

मुंगी दोरावर रेलून, घामाने निथळत, मला म्हणाली, बोल आजी, राउंड कुणाचा? म्हटलं, तुझा. दहा-नऊ. अगदी स्वच्छ. सगळ्या पोरी हसायला लागल्या. कोचसुद्धा, वाकड्या नाकातून. मुंगी म्हणाली, अगं, मी पडले होते या राउंडला! कोचने आठ मोजले, ऐकले नाहीस?

म्हटलं, पडल्याचं काय धरायचं!

अर्ध्या मार्काचं बोलायचं राहून गेलं. येताना रस्ता ओलांडताना मुंगीचा हात मी घट्ट धरून ठेवला होता. आत्ताच पडलेली पोर, रस्त्यात चक्कर आली तर?